घरी पास्ट्रामी बनवायची आहे? मग आधी 'पिंक सॉल्ट'चा घोळ समजून घ्या

बाहेरून काळाकुट्ट मसाला, आतून गुलाबी मांस आणि सुरी फिरली की पातळ चकत्यांमधून निघणारी वाफ. पास्ट्रामीचे असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. परदेशातल्या डेलीमध्ये मिळणारा हा पदार्थ आता मुंबईतले हौशी खवय्येही घरच्या स्वयंपाकघरात करून बघतायत. मांस मिळतं, धने-मिरी घरात असतात, धूर द्यायला कढईही असते. मग अडतं कुठे?

अडतं साहित्याच्या यादीतल्या एका ओळीवर. त्या ओळीत लिहिलेलं असतं 'पिंक सॉल्ट'. आपल्याकडे पिंक सॉल्ट म्हटलं की किराणा दुकानातलं गुलाबी हिमालयन मीठ, म्हणजेच सैंधव आठवतं. अनेक जण तेच पाकीट उघडतात. पण रेसिपीतलं पिंक सॉल्ट आणि हे पिंक सॉल्ट यांच्यात रंग सोडला तर काहीच सारखं नाही. एकाच्या जागी दुसरं वापरलं तर चव तर बिघडेलच, पण जिवावरही बेतू शकतं.

पास्ट्रामी म्हणजे नेमकं काय?

पास्ट्रामी म्हणजे आधी खारवलेलं, मग मसाला लावून धुरी दिलेलं आणि शेवटी वाफेवर मऊ शिजवलेलं मांस. या तीन पायऱ्यांपैकी एक जरी गाळली तरी जे तयार होतं ते दुसरंच काहीतरी असतं.

नावाचा प्रवासही गमतीशीर आहे. तुर्कस्तानात खारवून, दाबून, वाळवलेल्या मांसाला 'पास्तिर्मा' म्हणतात. या शब्दाचं मूळ 'दाबणं' या क्रियेत आहे. तिथून तो रोमानियात 'पास्त्रामा' झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमानियातले ज्यू स्थलांतरित न्यूयॉर्कला पोहोचले आणि सोबत ही पद्धतही घेऊन गेले. तिथे गोमांसाचे छातीकडचे आणि पोटाकडचे चिवट तुकडे स्वस्त मिळायचे. तेच खारवून, धुरावर ठेवून, वाफवून पास्ट्रामी बनू लागली. आज पास्ट्रामी सँडविचसाठी जगभर ओळखलं जाणारं न्यूयॉर्कचं कॅट्झ डेलिकटेसन १८८८ पासून सुरू आहे.

थोडक्यात, हा गरिबांचा पदार्थ होता. स्वस्त आणि चिवट मांस टिकवायचं आणि खाण्यासारखं मऊ करायचं, हा त्यामागचा साधा हिशेब.

खारवणं मुंबईला नवीन नाही

हाच हिशेब मुंबईच्या घरांमध्येही पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. लालबाग-परळच्या चाळींमध्ये कोकणातून आलेल्या कुटुंबांची पावसाळ्याआधीची आगोट सुक्या मासळीशिवाय पूर्ण होत नाही. सुके बोंबील, जवळा, खारा बांगडा डब्यात भरून ठेवला की मासेमारी बंद असतानाचे दिवस निभावतात.

गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांमधल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती घरांमध्ये ही परंपरा मासळीपुरती थांबत नाही. व्हिनेगर, मिरची, लसूण आणि मीठ लावून मुरवलेल्या डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज म्हणजे चोरिस आणि सणासुदीला होणारी खारवलेली जीभ म्हणजे 'सॉल्ट टंग' हे त्याच कुळातले पदार्थ. सॉल्ट टंगच्या जुन्या पाककृतींमध्ये मीठ आणि लिंबासोबत आणखी एक वस्तू हमखास सापडते. ती म्हणजे सोरा.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून जहाजं भरभरून सोरा युरोपात नेत असे, तो मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. पण चिमूटभर सोरा मांसाला लावला की ते शिजल्यावरही गुलाबी राहतं आणि जास्त टिकतं, हे खाटकांना आणि घरच्या बायकांना विज्ञानाच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्यामागचं कारण पुढे कळलं. मांसातले जीवाणू नायट्रेटचं हळूहळू नायट्राइट करतात आणि खरं काम हे नायट्राइट करतं. म्हणून आता सोऱ्याऐवजी थेट मोजूनमापून सोडियम नायट्राइट वापरलं जातं. पास्ट्रामीच्या रेसिपीतलं 'पिंक सॉल्ट' म्हणजे तेच.

बोंबील नुसत्या उन्हात टिकतो, मग मांसाला नायट्राइट कशाला?

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर तुकड्याच्या जाडीत आहे.

बोंबील पातळ असतो. वलांडीवर टांगला की चारही बाजूंनी वारा आणि ऊन लागून त्यातलं पाणी झपाट्याने निघून जातं. पाणीच उरलं नाही तर जीवाणू वाढणार कसे? पास्ट्रामीचं तसं नाही. तो पाच-सहा सेंटीमीटर जाडीचा, ओलसर तुकडा असतो आणि तो वाळवायचा नसतोच. त्याच्या गाभ्यात हवा नसते, पाणी भरपूर असतं. वर तो स्मोकरमध्ये कमी आचेवर तासन्तास ठेवला जातो. म्हणजे आतलं मांस बराच वेळ ना थंड, ना नीट गरम, अशा कोमट अवस्थेत राहतं. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जीवाणू सगळ्यात जोमाने वाढतात.

हवा नाही, ओलावा आहे, ऊब आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जीवाणूला नेमकं हेच वातावरण लागतं. त्याच्या विषाने होणाऱ्या आजाराचं नाव बॉट्युलिझम. हे नाव सॉसेजसाठीच्या लॅटिन शब्दावरून पडलं, कारण युरोपात हा आजार आधी सॉसेजमधूनच ओळखला गेला. दृष्टी धूसर होणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ अडखळणं, गिळायला त्रास होणं आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडणं ही त्याची लक्षणं. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत न बसता लगेच हॉस्पिटल गाठायला हवं.

नीट उकळवलं की हे विष नष्ट होतं, हे खरं. पण जीवाणूचे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. शिजवलेलं मांस नंतर बाहेर राहिलं किंवा हवाबंद पिशवीत पुरेशा थंडाव्याशिवाय ठेवलं, तर ते पुन्हा जागे होऊ शकतात. शिवाय या विषाला दरवेळी वास किंवा वेगळी चव असतेच असं नाही. त्यामुळे 'वास तर ठीक येतोय' ही कसोटी इथे उपयोगाची नाही. नायट्राइट या जीवाणूची वाढ रोखतं. गुलाबी रंग आणि पास्ट्रामीची ती खास चव हा त्याचा जोडफायदा.

दोन पिंक सॉल्टमध्ये फरक कसा ओळखायचा?

हिमालयन पिंक सॉल्ट हे खाणीतून निघणारं मीठ आहे. पाकिस्तानातल्या पंजाबमधली खेवरा खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो. ते रोजच्या जेवणात चालतं, पण मांस खारवताना त्याचं काम साध्या मिठापेक्षा वेगळं नाही. त्यात नायट्राइट नसतं.

क्युअरिंग सॉल्टचा गुलाबी रंग मात्र मुद्दाम घातलेला असतो. हे मीठ दिसायला साध्या मिठासारखं असतं, म्हणून कुणी चुकून ताटात वाढून घेऊ नये यासाठी त्याला रंग दिला जातो. म्हणजे जो रंग धोक्याचा इशारा म्हणून दिला, त्याच रंगाने आता घोळ वाढवला आहे.

खरेदी करताना या गोष्टी तपासा:

- पाकिटावर 'क्युअरिंग सॉल्ट नंबर १' किंवा 'प्राग पावडर नंबर १' असं लिहिलेलं हवं.
- सोडियम नायट्राइटचं प्रमाण ६.२५ टक्के आणि बाकीचं मीठ, असं स्पष्ट दिलेलं हवं. प्रमाण छापलेलं नसेल तर ते पाकीट घेऊ नका.
- 'नंबर २' वेगळं असतं. त्यात नायट्रेटही असतं. ते आठवडे-महिने वाळवायच्या मांसासाठी आहे, पास्ट्रामीसाठी नाही.
- युरोपातून कुणी नायट्राइटवालं मीठ आणून दिलं तर सावध राहा. तिथल्या मिठात नायट्राइट साधारण अर्धा टक्काच असतं आणि ते नेहमीच्या मिठाच्या जागी वापरतात. तो हिशेब ६.२५ टक्क्यांच्या मिठाला लावला तर नायट्राइट दहापट-बारापट होईल.
- शुद्ध सोडियम नायट्राइट किंवा रसायनांच्या दुकानातला सोरा घरी वापरू नका.

तुमच्या फ्रिजमधल्या सलामी किंवा सॉसेजच्या पाकिटावर घटकांच्या यादीत '२५०' हा आकडा दिसतो का बघा. तो सोडियम नायट्राइटचा क्रमांक आहे. म्हणजे हा पदार्थ तुम्ही बहुधा आधीच खात आला आहात, फक्त त्याचं मोजमाप कारखान्यात झालेलं असतं. घरी ते मोजमाप तुमच्या हातात येतं.

किती घालायचं?

हिशेब सोपा आहे. १ किलो मांसाला ६.२५ टक्क्यांचं क्युअरिंग सॉल्ट २.५ ग्रॅम. त्यातून मांसात सुमारे १५६ मिलिग्रॅम नायट्राइट जातं. यापेक्षा जास्त घालून मांस 'अजून सुरक्षित' होत नाही. नायट्राइट जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होते आणि ते जीवघेणं ठरू शकतं.

म्हणूनच इथे चमच्याचं माप चालत नाही. एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ६ ग्रॅम, म्हणजे एका किलोला लागणाऱ्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. स्वयंपाकघरातला नेहमीचा वजनकाटाही एकेक ग्रॅमच्या उडीने मोजतो. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा लागतो. हा काटा घेणार नसाल, तर क्युअरिंग सॉल्टही घेऊ नका.

मांस कुठलं घ्यायचं?

परदेशी रेसिपीमध्ये गोमांसाचं 'ब्रिस्केट' असतं. महाराष्ट्रात ते शक्य नाही. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने राज्यात गाईंच्या कत्तलीवर बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाल्यावर बैल आणि वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. त्याच निकालात परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं आणि पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

म्हशीचं मांस या बंदीत येत नाही. मुंबईच्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवर 'बफ' लिहिलेलं असतं ते हेच. परवानाधारक दुकानातून, बिल घेऊन, छातीकडचा चरबी असलेला सलग तुकडा मागा. ते खायचं नसेल तर बोकडाच्या मांडीचा हाड काढलेला तुकडा किंवा चिकन ब्रेस्टही चालतं. चव वेगळी लागेल, पद्धत तीच राहील.

आता कृती: सात-आठ दिवस, चार पायऱ्या

१. खारवणं. १ किलोचा, साधारण ५ सेंटीमीटर जाडीचा तुकडा घ्या. २२ ग्रॅम साधं मीठ, १० ग्रॅम गूळ पावडर आणि २.५ ग्रॅम क्युअरिंग सॉल्ट आधी एकत्र नीट मिसळा, मग मांसाला सगळीकडून चोळा. झिप पिशवीत घालून हवा काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा. रोज एकदा पिशवी उलटी करा. पाणी सुटेल, ते फेकू नका. सात ते आठ दिवस लागतात. चिकन ब्रेस्टला तीन दिवस पुरतात.

फ्रिज ४ अंशांखाली हवा. मुंबईच्या दमट उकाड्यात सतत उघडझाप होणाऱ्या फ्रिजच्या दाराशी तापमान बरंच जास्त असतं. म्हणून पिशवी आतल्या बाजूला, खालच्या कप्प्यात ठेवा आणि शंभर-दोनशे रुपयांचा फ्रिज थर्मामीटर लावा. मधे बराच वेळ वीज गेली आणि मांस कोमट झालं, तर जीव कळवळला तरी टाकून द्या.

२. मसाला. या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहेत. पास्ट्रामीच्या काळ्या कवचात मुख्यतः दोनच गोष्टी असतात, धने आणि काळी मिरी. दोन्ही लालबागच्या मिरची गल्लीत ताजी आणि खडी मिळतात. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला जाल तेव्हाच बाजूला काढून ठेवा. दोन मोठे चमचे धने, दोन मोठे चमचे मिरी आणि एक चमचा मोहरी खलबत्त्यात जाडसर भरडा. बारीक पूड करायची नाही, दाण्याचे तुकडे दाताखाली यायला हवेत. त्यात एक चमचा ब्याडगी मिरचीपूड आणि थोडी लसूण पावडर घाला. खारवलेलं मांस धुऊन, पुसून कोरडं करा आणि हा मसाला दाबून लावा.

३. धूर. वांग्याच्या भरताला किंवा ताकाला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतात, तो फक्त वासापुरता असतो. पास्ट्रामीला जास्त वेळ धूर लागतो. जाड लोखंडी कढईत फॉइल अंथरा. त्यावर आंबा किंवा पेरूच्या लाकडाचा कोरडा भुसा तीन-चार चमचे घाला. तो नसेल तर चहापत्ती, तांदूळ आणि गूळ समप्रमाणात चालतात. वर जाळी, जाळीवर मांस. धूर यायला लागला की झाकण लावून कडा ओल्या कणकेने बंद करा, दमच्या बिर्याणीला करतात तशा. मंद आचेवर अर्धा तास, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा.

नॉनस्टिक कढई वापरू नका, जास्त तापली की तिच्या लेपातून घातक वाफा निघतात. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड किंवा पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या जाळू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद खोलीत कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चाळीची खोली असो की विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्या उघड्या आणि एक्झॉस्ट सुरू हवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलंत तर आग लागल्याचा फोनही जाणार नाही.

४. वाफ. कढईतल्या धुराने मांस शिजत नाही. त्यामुळे धुरीनंतर मधे न थांबता ते मोदकपात्रात ठेवा. बफला अडीच ते तीन तास लागतात. खालचं पाणी आटत आलं की उकळतं पाणीच घाला. घाई असेल तर कुकरमध्ये जाळीवर, पाण्याला टेकू न देता, पाऊण तास. मांसाच्या गाभ्यात थर्मामीटर खुपसला तर ९० अंशांच्या पुढे आकडा दिसायला हवा. तेव्हाच चिवट तंतू सुटतात. चिकनसाठी ७४ अंश पुरे.

थोडं निवलं की तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ कापा. राय ब्रेड मिळाला नाही तर इराणी बेकरीतला ब्रून पाव आणि मोहरीची चटणी उत्तम जमते. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

गुलाबी म्हणजे कच्चं का?

नाही. नायट्राइट लावलेलं मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच राहतं. उलट कापल्यावर मधोमध राखाडी पट्टा दिसला तर समजा की मीठ गाभ्यापर्यंत पोहोचलंच नाही. तुकडा जाड होता किंवा दिवस कमी पडले. पण गुलाबी रंगावरून मांस शिजलंय की नाही हेही कळत नाही. ते फक्त थर्मामीटर सांगतो.

रोज खाल्लं तर चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं संस्थेने म्हटलं होतं. या गटात तंबाखूही आहे, पण त्याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखाच असा होत नाही. गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तरीही पास्ट्रामी कधीतरी खायची गोष्ट आहे, डब्यात रोज न्यायची नाही. गर्भवती आणि लहान मुलांसाठी घरी खारवलेलं मांस टाळलेलंच बरं.

क्युअरिंग सॉल्ट मिळालं नाही तर?

तर पास्ट्रामी करू नका. सैंधव घालून आठवडाभर मांस मुरवत ठेवणं हा त्यावर पर्याय नाही.

त्याऐवजी दुसरं काहीतरी करता येईल. मटणाला साधं मीठ लावून एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा, जसं मॅरिनेट करतो तसंच. दुसऱ्या दिवशी तोच धने-मिरीचा मसाला लावा, कढईत अर्धा तास धुरी द्या, लगेच मोदकपात्रात मऊ होईपर्यंत वाफवा आणि ताजं ताजं संपवा. ते आतून तपकिरी होईल, गुलाबी नाही. त्याला पास्ट्रामी म्हणता येणार नाही. पण मिरीचा ठसका, धुराचा वास आणि ब्रून पावाची साथ तीच असेल आणि रात्री झोपताना मनात धाकधूक नसेल.